दंड बघणारे म्हात्रेकाका

पांडुरंग म्हात्रे माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, दंडाकडे बघत. तोंडं त्यांच्या लक्षातच राहत नसत. वीस वर्षं शेजारी राहिलेला माणूस लांब बाह्यांचा सदरा घालून समोर आला, तर ते परक्याला विचारावं तसं "कोणतं गाव आपलं?" असं विचारत. मग त्या माणसाने बाही वर केली की यांचा चेहरा खुले. "अरे, बाळू तू होय," म्हणत आणि घरचं विचारू लागत.

त्याला कारण होतं. म्हात्रेकाका आमच्या भागातले देवी टोचणारे. सरकारी कागदावर त्यांच्या हुद्द्याला व्हॅक्सिनेटर म्हणत, पण तो शब्द कुणाच्या तोंडात बसत नसे. थळपासून रेवसच्या धक्क्यापर्यंत ज्या कुणाच्या दंडावर देवीचे वण होते, त्यांतले निम्म्याहून जास्त म्हात्रेकाकांच्या हातचे. शिंप्याने आपली शिवण ओळखावी तसे ते आपले वण ओळखत.

माझी त्यांची पहिली भेट रेवसच्या धक्क्यावर झाली. मी मुंबईला नर्सिंगचं शिक्षण पुरं करून पहिल्याच नेमणुकीवर आले होते. वय बावीस, हातात ट्रंक, डोक्यात भीती. लाँचीतून उतरले तर समोर काळी छत्री घेतलेला एक उंच, वाळका गृहस्थ. दवाखान्याने मला न्यायला पाठवलेला माणूस तो हाच, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, ट्रंक हातात घेतली नाही. पदर वाऱ्याने सरकला तेवढ्यात छत्रीच्या टोकाने लांबूनच माझ्या दंडाकडे बोट दाखवल्यासारखं केलं आणि म्हणाले, "दोन. एक नीट उठलाय, एक फसलाय. पेणला टोचलेलं दिसतंय. त्या माणसाचा हात हलतो."

मी पेणचीच. एवढं बोलून त्यांनी ट्रंक उचलून खांद्यावर घेतली आणि दवाखान्याच्या वाटेला लागले.

जगातल्या माणसांचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार होते. टोचलेले आणि कोरे. 'कोरा' हा शब्द ते अशा आवाजात उच्चारत की ऐकणाऱ्याला आपल्या घराण्यात काही खोट आहे असं वाटावं. एकदा त्यांच्याच भावकीत लग्न होतं. नवरदेवाला हळद लावायला पाटावर बसवलेलं, अंगात सदरा नव्हता. म्हात्रेकाका आशीर्वाद द्यायला पुढे गेले आणि तिथेच थबकले. मागे वळून शेजारच्या माणसाला हळूच म्हणाले, "नवरा कोरा आहे." हळू म्हणाले तरी ते नवरीच्या मामाच्या कानावर गेलं. मामाने ते घरात नेलं, घरातून ते परसात गेलं, आणि मुलात नेमकी कोणती खोट आहे याची चौकशी करायला नवरीकडची चार मोठी माणसं एकत्र बसली. तोवर इकडे म्हात्रेकाकांनी छत्री मिटून खिशातली पत्र्याची डबी काढली होती, दंडावरची हळद पुसली होती आणि नवरदेवाला देवी टोचूनही झाल्या होत्या. चौकशीला आलेल्या मंडळींना त्यांनी समाधानाने सांगितलं की आता काही हरकत नाही, खुशाल मुलगी द्या.

टोचताना ते माणसाशी बोलत नसत, दंडाशी बोलत. "घाबरू नकोस, मुंगी चावल्यासारखं होईल. तिसऱ्या दिवशी खाजशील, तेव्हा गप राहायचं." माणूस मध्येच काही विचारू लागला तर त्याला म्हणत, "तुम्ही थांबा जरा, मी याच्याशी बोलतोय." पोरं टोचून घ्यायला तयार नसली की ते आधी स्वतःला टोचून घेत. असं तीसेक वर्षं चाललेलं. त्यांच्या दोन्ही दंडांवर तिळाएवढीही मोकळी जागा राहिली नव्हती.

आमचा दवाखाना लहान होता. सगळी मिळून दहा माणसं. त्यांत डॉक्टर, औषधं बनवणारे कंपाउंडर जोशीबुवा, थळच्या कोळीवाड्यातून येणारी आया जनाबाई आणि मी, एवढ्यांची नावं पुढे येतील. शिवाय जखमा बांधणारा एक ड्रेसर, एक शिपाई, एक झाडूवाला, दोन सुइणी आणि दहावे म्हात्रेकाका.

सत्तावन साली मुंबईत फ्लूची साथ आली. पावसाळ्यात लाँची बंद, त्यामुळे आमच्याकडे ती फारशी पोचली नव्हती. दसऱ्यानंतर लाँची सुरू झाल्या आणि चाकरमानी अंगात ताप घेऊनच धक्क्यावर उतरू लागले. फ्लू हा शब्द गावाला नवा होता. लोक म्हणत, "फुलू आला." रोज सकाळी दवाखान्याच्या पायऱ्यांवर घोंगड्या पांघरलेली माणसं कण्हत बसलेली असत. ताप, अंगदुखी, कोरडा खोकला. बहुतेक जण आठवड्यात बरे होत, पण म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं हाती लागत नसत.

अशात एक दिवस मुंबईहून एक लाकडी खोकं आलं. डॉक्टरांनी ते कपाटावर ठेवलं. सोबत पत्र आलं होतं ते टेबलावर. पत्र कुणीच नीट वाचलं नाही. फ्लू हे काही म्हात्रेकाकांचं खातं नव्हतं, त्यांचं खातं देवीचं. पण टोचण्याचा विषय जिथे असेल तिथे त्यांना वास येत असावा. ते आले, पत्र उचललं, उभ्याउभ्याच वाचलं आणि खुर्चीवर चढून कपाटावरचं खोकं खाली घेतलं. त्यावर सकाळपासून ऊन पडत होतं आणि पत्रात पहिलीच सूचना होती की औषध थंड जागी ठेवावं.

पत्रात आणखी दोन सूचना होत्या. एक, फ्लू होऊ नये म्हणून टोचायचं हे औषध थोडंच तयार झालं आहे, म्हणून आधी दवाखान्यातल्या माणसांनी घ्यावं. साथ वाढली तर रोग्यांना बघायला तीच लागतील. दुसरी, कुपीचं बूच एकदा टोचलं की त्याच दिवशी ती संपवावी, उरलेलं फेकून द्यावं. खोक्यात भुसा पुष्कळ होता आणि कुपी एकच. दहा माणसांची.

म्हात्रेकाकांनी खोक्यावर छत्री धरली, स्वतः उन्हात चालत थळला गेले आणि संध्याकाळी मासे ठेवायच्या पेटीत बर्फ भरून घेऊन आले. मधोमध कुपी. त्या पेटीला पापलेटचा असा वास होता की दवाखान्यातलं मांजर चार दिवस तिच्याजवळून हललं नाही. बर्फ देणाऱ्या व्यापाऱ्याने बजावलं होतं की शनिवारी बोटी मासेमारीला जातील, मग बर्फ मिळणार नाही. म्हणजे हातात चार दिवस. तेवढ्यात दहाच्या दहा माणसं एकाच दिवशी दंड पुढे करायला तयार व्हायला हवी होती.

मला वाटलं होतं, यात काय अवघड आहे. आम्ही सगळी दवाखान्यातली माणसं, रोज दुसऱ्यांना औषध घ्या म्हणून सांगणारी. पण म्हात्रेकाकांनी गावच्या पोरांना जेवढं मनवलं नसेल तेवढं त्यांना आम्हाला मनवावं लागलं.

डॉक्टर म्हणाले की पंधरा वर्षं रोगी माझ्या तोंडावर खोकताहेत, मला काय होणार आहे. म्हात्रेकाका अदबीने म्हणाले, "साहेब, पंधरा वर्षं खोकताहेत ते खरं, पण हा खोकला नवीन आहे. त्याची तुमची ओळख नाही." यावर डॉक्टरांनी टेबलावरचे कागद आवरायला घेतले. ते म्हणाले, उद्या बघू. म्हात्रेकाका बाहेर येऊन मला म्हणाले की शेतकरी उद्या म्हणतो तेव्हा त्याला टोचणीची भीती वाटत असते. साहेब लोक उद्या म्हणतात तेव्हाही तेच असतं, फक्त त्यांना ते कबूल करता येत नाही.

जोशीबुवांची अडचण वेगळी होती. त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं की हे औषध कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. त्यांनी सरळ विचारलं. म्हात्रेकाकांनी टोचण्याच्या बाबतीत जन्मात कधी खोटं सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, हो, अंड्यातच. झालं. जोशीबुवांनी जानव्याला हात लावला आणि विषय संपवला. त्यात ती पापलेटच्या वासाची पेटी त्यांच्याच खोलीत ठेवलेली, म्हणून आधीच ते नाकाला उपरणं लावून औषधं घोटत होते.

दुसऱ्या दिवशी म्हात्रेकाका त्यांच्याकडे जाऊन बसले आणि इकडचं तिकडचं बोलू लागले. बुवांची चार वर्षांची मुलगी अशक्त होती. तिला डॉक्टरांनी शार्क माशाचं तेल सांगितलं होतं. बुवा स्वतः रोज सकाळी तिला ते चमचाभर पाजत. काकांनी तिची तब्येत विचारली. बुवा म्हणाले, सुधारते आहे. मग काकांनी विचारलं की तेल माशाचं, ते चालतं का. बुवा जरा रागानेच म्हणाले, ते औषध आहे.

"मग हे काय, ऑम्लेट आहे?" म्हात्रेकाका म्हणाले.

 बुवा खलात औषध घोटत राहिले. मग म्हात्रेकाका खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाले, "बुवा, तुमची श्रद्धा आहे, मी जबरदस्ती करणार नाही. नका घेऊ. पण मग साथ सरेपर्यंत घरी जाऊ नका. इथे बाकड्यावर झोपा. मी तुमच्या घरून डबा आणून देईन. दिवसभर त्या घोंगडीवाल्यांत वावरून संध्याकाळी त्या पोरीला मांडीवर घेऊ नका, एवढंच सांगतो."

हे बोलताना त्यांच्या आवाजात नेहमीचा मिश्कीलपणा नव्हता. मी शेजारी गोळ्या मोजत होते, मला तो फरक जाणवला, पण अर्थ कळला नाही. त्या दिवशी संध्याकाळी बुवा दाराशी थांबले आणि एवढंच म्हणाले की सकाळी अंघोळ करून आल्यावर घेतलं तर चालेल ना.

जनाबाईला भीती नव्हती. ती भर वादळात होडीत बसून रेवदंड्याला जाऊन आलेली बाई. तिचा सवाल सरळ होता. "हात सुजला मंजे इहिरीचं पानी कोन काढील? डॉक्टर काढील का तुमी?" दवाखान्याचं सगळं पाणी तीच भरत असे. म्हात्रेकाकांनी सांगितलं की दोन दिवस मी भरीन. जनाबाई हसली. ते हसले नाहीत. तेव्हा तिला कळलं की हा माणूस खरंच भरणार आहे, आणि ती तयार झाली. बाकीचे पाच जण सरळ म्हणाले, डॉक्टर घेतील तर आम्ही घेऊ.

राहिले मी. मी दिवसाला तीस-चाळीस इंजेक्शनं देत असे. पण सुई माझ्याकडे वळली की माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येई. हे मी शिकत असताना मुंबईतही लपवलं होतं. मी म्हात्रेकाकांना सांगून टाकलं की मला मागेच मुंबईत हे औषध मिळालं आहे. त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या दंडाकडे, बघितलं. मग छताकडे बघत म्हणाले की असेल, मुंबईत सगळं मिळतं. आणि निघून गेले. त्यांनी मला खोटी ठरवलं नाही, याचीच मला जास्त लाज वाटली.

शुक्रवार उजाडला. पेटीतल्या बर्फाचं पाणी होऊ लागलं होतं. म्हात्रेकाकांनी अंगणात उंडीच्या झाडाखाली बाकडं मांडलं, सुया उकळल्या, कापूस ठेवला. सगळे येऊन उभे राहिले. जोशीबुवा ओल्या केसांनी आले होते. डॉक्टरांचा पत्ता नव्हता. शिपाई म्हणाला, साहेब आत महत्त्वाचा रिपोर्ट लिहिताहेत. दहा वाजले, साडेदहा वाजले. ड्रेसर म्हणू लागला की साहेबांनाच नको तर आपल्याला कशाला. झाडूवाला हळूच फाटकाकडे सरकला.

म्हात्रेकाकांनी मला साहेबांना बोलवायला पाठवलं. मी आत गेले. डॉक्टर औषधांच्या खोलीत कोरा कागद पुढे घेऊन बसले होते. पेन उघडलेलंसुद्धा नव्हतं. कपाळावर घाम. डावा दंड त्यांनी उजव्या हाताने झाकून धरला होता.  ते झाकणं माझ्या ओळखीचं होतं. कसं कोण जाणे, मी बोलून गेले, "साहेब, मलाही सुईची फार भीती वाटते. मी म्हात्रेकाकांना खोटं सांगितलं."

डॉक्टरांनी दाराकडे बघितलं. "मोठ्याने बोलू नका," म्हणाले. मग म्हणाले की विद्यार्थी असताना ते एकदा सुई बघून वर्गात कोसळले होते. तेव्हापासून स्वतःवर सुईची वेळ येऊ दिली नव्हती.

तेवढ्यात दारात सावली पडली. म्हात्रेकाका उभे होते. एका हातात उकळलेल्या सुयांचा ट्रे, दुसऱ्यात कुपी. त्यांनी किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. ते आत आले आणि पायाने दार लोटून घेतलं. म्हणाले, "साहेब, अंगणात ऊन फार आहे. तुम्ही दोघं इथेच घ्या. बाहेर मी सांगतो, साहेबांनी बोलता बोलता घेतलं."

आधी त्यांनी स्वतःची बाही वर केली आणि मला म्हणाले, तू मला दे. मी दिलं. त्या वणांच्या गर्दीत सुई कुठे घालावी हेच मला कळेना. शेवटी एका जुन्या वणाच्या कडेला घातली. मग डॉक्टर आणि मी एका बाकड्यावर बसलो, तोंडं भिंतीकडे. म्हात्रेकाका मागून आमच्या दंडांशी बोलत होते. काय बोलत होते ते मला आठवत नाही. मी डोळे घट्ट मिटले होते आणि डॉक्टरांनी माझं मनगट धरलं होतं, की मी त्यांचं धरलं होतं, तेही आठवत नाही. दोघांचं उरकल्यावर ते म्हणाले, "झालं. आता हसत बाहेर जा."

डॉक्टर दंडाला कापूस दाबून हसत बाहेर गेले. पुढे अर्ध्या तासात कुपी रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी जनाबाईचा दंड खरंच सुजला. म्हात्रेकाका सकाळी सहाला विहिरीवर हजर. एक घागर खांद्यावर, एक हातात, काखेत छत्री. बाजाराचा दिवस होता. येणारे-जाणारे थांबून बघत होते. कुणी विचारलं तर ते गंभीरपणे सांगत की आयाबाई रजेवर आहेत. जनाबाई पायरीवर बसून पान खात होती आणि कुठे पाणी सांडतंय ते दाखवत होती. इतकी सुखी ती मला पुन्हा कधी दिसली नाही.

रविवारीही त्यांनी पाणी भरलं. दुपारनंतर लाँचीवर जाऊन उतारू तपासायचं कामही त्यांनी अंगावर घेतलं होतं. सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारी शिपायाकडे एक चिठ्ठी मिळाली की देवीच्या फेरीसाठी आगरदांड्याकडे जात आहे, आठ दिवसांनी येईन.

डॉक्टरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं. आगरदांडा कुठे, मुरूडच्या पलीकडे. तो त्यांचा भागच नव्हता. आणि त्यांची पत्र्याची डबी दवाखान्यात फळीवर तशीच होती. त्या डबीवाचून म्हात्रेकाकांनी फेरीला जाणं म्हणजे न्हाव्याने वस्तऱ्यावाचून जाणं. मी जनाबाईला विचारलं. ती म्हणाली की मिठागरावरच्या खोपीतून दोन दिवस धूर दिसतोय, आणि मिठाचं काम सुरू व्हायला अजून महिना आहे.

दुपारी मी मिठागराच्या बांधावरून चालत गेले. खोपी गवताने शाकारलेली. आत पेंढ्यावर म्हात्रेकाका पडलेले, तापाने डोळे लाल. मला बघितल्यावर पहिली गोष्ट विचारली ती ही की कुणी तुला इकडे येताना बघितलं का.

मी अंगाला हात लावला. ताप सणसणून होता. दवाखान्यात चला म्हटलं तर उठून बसले. "वेडी आहेस का? शुक्रवारी टोचलं आणि सोमवारी म्हात्रे तापाने पडला, हे गावाला कळलं तर पुढच्या कुपीला एक दंड मिळणार नाही. औषध अंगात लागायला दहा-पंधरा दिवस लागतात. मला हे लाँचीवर मिळालं, टोचणीने नाही. पण ऐकून कोण घेणार?"

औषधाची अब्रू जाईल म्हणून हा माणूस खोपीत लपून बसला होता. मला हसूही आलं आणि रागही. गोळ्या दिल्या, पाणी पाजलं. निघताना त्यांनी मला एक काम सांगितलं. घरी त्यांची म्हातारी आई एकटी होती. तिला सांगायचं की पांडू आगरदांड्याला सुखरूप आहे, आणि एक घोंगडी मागून आणायची, पण कुणासाठी ते सांगायचं नाही.

त्यांनी लग्न केलं नव्हतं हे मला माहीत होतं. आई आहे हे मात्र त्या दिवशी कळलं. घर आगरी आळीच्या टोकाला. म्हातारी ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. अगदी लहानशी, पण डोळे तरतरीत. मी निरोप सांगितला. तिने "आगरदांड्याला," एवढं म्हटलं आणि मला पाणी दिलं. घोंगडी काढून दिली. मी उठायला लागले तर म्हणाली, "बस गो बाय. पेज चुलीवर हाय. व्हईल इतक्यात."

मग ती आपणहून बोलू लागली. तिच्या तरुणपणी मानमोडीची, म्हणजे एकोणीसशे अठरा सालच्या फ्लूची, साथ आली होती. लोक उभ्याउभ्या पडत, माना टाकत. ती तेव्हा गावची सुईण. आळीत कुणाच्या घरी चूल पेटत नसे, म्हणून ती मडकं घेऊन घरोघरी पेज पाजत फिरायची. पांडू चौदा वर्षांचा होता आणि त्याच्या पाठची चंद्रा चार वर्षांची. फिरून आली की चंद्रा पळत येऊन मांडीवर बसायची. सहाव्या दिवशी चंद्राला ताप आला. तापाच्या तिसऱ्या दिवशी ती गेली. आईला काही झालं नाही.

"मंग मी कोनाच्या घरी गेलो न्हाय," म्हातारी म्हणाली. "बाळतपन केला न्हाय, पोराला हात लावला न्हाय. चार महिनं बोललो न्हाय. तवा हा पांडू मला सांगाया लागला, आये, आपल्या घरी मुंबयचा पावना आलता, तू बाहेर गेल्ती तवा. त्याला ताप व्हता. चंद्रा त्याच्या मांडीवर बसलेली. त्यानी आनला, तू न्हाय."

 तिने चुलीवरची पेज उतरवली, मीठ घातलं, ढवळली.

"पावना कोन आलाच नव्हता, बाय. मला शेजारनीनी सांगितला व्हता. पन पोरगा रोज सांगायचा. अजून सांगतो, दिवाळीला, पितरांना. मी व्हय म्हनते. त्याच्या जिवाला बरा वाटतो."

तिने पेज पितळी कासांडीत ओतली, वर फडकं बांधलं आणि माझ्या हातात दिली.  ती मिठागराच्या दिशेने मान करून म्हणाली, "खोपीत हाय नं तो? धूर दिसतो हितून. घरी ताप आनायचा न्हाय म्हनून ग्येलाय. त्याला सांगू नको मला ठावं हाय. पेज तू केली म्हनून सांग."

मी बांधावरून परत गेले. कासांडी गरम होती, फडक्यातून हाताला चटका बसत होता. म्हात्रेकाकांना उठवून बसवलं, घोंगडी अंगावर घातली. आई काय म्हणाली ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं की आगरदांड्याला तुमच्या जेवणाची आबाळ होत असेल, अशी त्यांना काळजी वाटते. पेज माझ्या खोलीवर करून आणली आहे.

त्यांनी पहिला घोट घेतला आणि थांबले. घरच्या त्या कासांडीकडे बघितलं. मग सगळी पेज प्यायले, सावकाश, तळाशी गेलेली शितंसुद्धा बोटाने पुसून घेतली. मी बाहेर जाऊन भांडं धुतलं. परत आले तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की ते माझ्या तोंडाकडे बघताहेत.

"आईला सांग," ते म्हणाले, "आगरदांड्याला जेवणाची सोय फार चांगली आहे."